कुंभारणीची घरं

मुकुंदवाडीच्या बसमध्ये माझ्या मागं बागेतल्या दोन झाडूवाल्या बसल्या होत्या.

"कडूबाई, त्या कलाकार मॅडम लई ओरडल्या व्हय?"

"बांबूच्या नळ्यांचं मोठं फुलपाखरू केलंय ना त्यांनी, ते साफ केलं."

"मग?"

"नळ्या मातीनं बुजल्या व्हत्या. उद्या पाहुणे येणार, म्हणून सळईनं एकेक मोकळी केली. हात गळून गेले."

"चांगलंच केलं की."

"मॅडम म्हणल्या, माश्यांनी राहावं म्हणूनच केलं व्हतं. आत कुंभारीण माशीची पिल्लं व्हती."

"अगं बाई! कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो."

"आमच्या देव्हाऱ्यामागं आलीय. दोन महिने मी तिथं झाडू लावला नाय."

"सून काय म्हणती?"

"रोज बघती. आज तिला नाय सांगायचं."