सहावा तास

जानीन : बूट दारातच काढ, क्लोव्हिस, आत बर्फ नको. आणि मागच्या दारानं का आलास?

क्लोव्हिस : पुढच्या दारात त्याची गाडी उभी आहे.

जानीन : त्याचंच घर आहे ते. नवऱ्यानं गाडी स्वतःच्या दारात नाही लावायची तर काय चर्चच्या आवारात लावायची?

क्लोव्हिस : तो आहे का घरात?

जानीन : समोर बसून सूप पितोय. डोळे मिटून आलायस का?

क्लोव्हिस : त्याला सांग, माझं दोन मिनिटांचं काम आहे.

जानीन : मी नाही सांगत. अकरा वर्षं झाली, तुझं त्याला नि त्याचं तुला. सख्खा भाऊ एकीकडे, नवरा दुसरीकडे, मध्ये मी टपालखातं. आता बंद केलं. काय ते तोंडानं बोला.

रोझेर : ऐकू आलं मला. काम काय?

क्लोव्हिस : जानीन, हे पत्र वाच. मोठ्यानं वाच.

जानीन : चष्मा वर आहे माझा. तूच सांग.

क्लोव्हिस : मंडळाचं आहे. फॉरेस्टरचं लायसन नवं करायचं तर दर दोन वर्षांनी बारा तासांचं शिक्षण घ्यावं लागतं...

जानीन : ते मला पाठ आहे. माहेरी एक फॉरेस्टर, सासरी एक. माझं आयुष्य त्या बारा तासांतच गेलं.

क्लोव्हिस : मी बारा भरून पाठवले होते. आता हे म्हणतात, चिठ्ठ्या टाकून काही नावं तपासायला काढली, त्यात तुमचं आलं, पुरावे दाखवा. उद्या चारच्या आत.

जानीन : मग दाखव की.

क्लोव्हिस : सहाचे कागद आहेत. उरलेले सहा जूनमधले, आपल्या फॉरेस्टरांच्या संघटनेनं थेरिओंच्या रानात घेतले ते. त्या दिवशी धो धो पाऊस. हजेरीचा कागद भिजला. संघटनेतली बाई म्हणते, वरची चार नावं वाचता येतात, खाली नुसती शाई पसरलीय. माझं नाव कुठंतरी त्या शाईत आहे. म्हणते, त्या दिवशी जोडीला जो होता त्याच्याकडून लिहून आणा, मी लगेच प्रमाणपत्र देते.

जानीन : मग जा त्याच्याकडे. इथे का आलास?

रोझेर : जोडीला मी होतो.

जानीन : तू?

रोझेर : चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तिथेपण.

जानीन : तुम्ही दोघं जूनमध्ये अख्खा दिवस एका जागी होतात, आणि मला हे डिसेंबरात कळतंय?

क्लोव्हिस : बोललो कुठे आम्ही. विचार त्याला, मी एक शब्द तरी काढला का.

रोझेर : आकडे काढलेस. बेचाळीस झाडं मोजली. तू घेर सांगायचास, मी लिहायचो.

क्लोव्हिस : बघ, आठवतंय त्याला. मग कागदावर तेवढंच लिहायचं, मी होतो म्हणून. आठ ते अडीच, मधे अर्धा तास जेवण. सहा तास. कागद मी आणलाय. पेनही आणलंय.

जानीन : दे रे लिहून, रोझेर. सूप नंतर पी.

रोझेर : वही बघावी लागेल.

क्लोव्हिस : वही कशाला?

रोझेर : आठवणीवर सही करत नाही मी.

जानीन : बघ बाबा, वही बघ. त्या कपाटात चाळीस वर्षांच्या पिवळ्या वह्या आहेत, क्लोव्हिस, पावसात न भिजणाऱ्या. आमच्या लग्नाच्या दिवशी कुठल्या बर्चचा घेर किती होता तेसुद्धा सापडेल तुला. लग्नाचा उल्लेख मात्र नाही त्यात.

रोझेर : आहे. खाली लिहिलंय. हं. बारा जून. थेरिओ. पाऊस, चावऱ्या माश्या. प्लॉट सात. जोडीदार क्लो. सिर. सुरुवात आठ पाच.

क्लोव्हिस : झालं. लिही.

रोझेर : एक तीस. क्लो. गाडीकडे गेला. परत आला नाही.

जानीन : क्लोव्हिस?

क्लोव्हिस : शेवटी नुसत्या गप्पा होत्या. गोल करून उभं राहायचं नि एकेकानं मत सांगायचं.

रोझेर : चर्चा. पत्रकावर छापली होती. एक तास.

क्लोव्हिस : एक तास रे. त्या एका तासानं कुठलं रान ओसाड पडणार आहे?

रोझेर : पाच लिहीन. सहा नाही.

क्लोव्हिस : पाचात भागत नाही. पाच नि सहा अकरा. अकरा म्हणजे लायसन गेलं. परत परीक्षेला बसायचं, अडुसष्टाव्या वर्षी, कॉलेजातून परवा बाहेर पडलेल्या पोरींच्या शेजारी. मी नाही बसणार, आणि तुला ते माहीत आहे. म्हणजे एक तास लिहिला नाहीस की मी संपलो.

जानीन : असं काय बोलतोस.

क्लोव्हिस : खरं तेच बोलतोय. माझी एस्टेल गेल्यापासून घरात मला दोन खोल्या पुरतात, बाकीच्यांची दारं मी बंद करून टाकलीत. सकाळी उठतो ते रंगाचा डबा घेऊन रानात झाडांना खुणा करायला जायचंय म्हणून. तेवढंच राहिलंय.

रोझेर : ते मला कळतं.

क्लोव्हिस : मग लिही.

रोझेर : खोटं कसं लिहू?

क्लोव्हिस : हा बघ, हा खरेपणा. हाच अकरा वर्षांपूर्वी मादाम थेरिओंच्या अंगणात बाहेर काढला होता यानं. आठवतंय ना जानीन? मी तीन आठवडे त्या रानात राबलो. कापायच्या एकेका झाडाला निळी खूण केली. मोठी, वाकडी, आतून किडलेली फर निवडली, म्हणजे मधे मोकळ्या जागा होतील, ऊन खाली जाईल, स्प्रूसची रोपं वर येतील. लाकूडवाल्यांनी ती झाडं पाडली. आणि हा शेजारच्या रानातून आला, फिरून बघितलं, आणि मादामला म्हणाला, यानं रानाला भोकं पाडलीत, इथे रासबेरीच्या काट्यांशिवाय काही उगवायचं नाही. लाकूडवाले उभे होते, त्यांच्यासमोर.

रोझेर : म्हणालो होतो.

क्लोव्हिस : मी म्हटलं, दहा वर्षं थांबा. कोणी थांबलं नाही. पुढच्या महिन्यात मादामचं काम याच्याकडे.

जानीन : म्हणून तू त्या दिवशी उठून गेलास?

क्लोव्हिस : मग काय करू? त्याच रानात नेलं आम्हाला, अकरा वर्षांनी काय झालं ते शिकायला. तीस माणसं. गोल करून उभे राहिले आणि त्या कॉलेजच्या मास्तरनं यालाच म्हटलं, रोझेर, तुम्ही या रानाला ओळखता, तुम्ही सुरुवात करा. मी म्हटलं, एकदा ऐकलंय, दुसऱ्यांदा नको. गाडीत जाऊन बसलो. निघूनच जाणार होतो, पण मागे याची गाडी आडवी. तास दीड तास तसाच अडकलो.

जानीन : आणि तू काय बोललास रे तिथे?

रोझेर : वहीत आहे.

जानीन : अरे, मग वाच की. का आता त्यालाही सही लागते?

रोझेर : थांब. हं. मोकळ्या जागा चार. रासबेरी आहे, पण गुडघ्याखाली, मरत आलेली. स्प्रूसची रोपं, प्लॉट सात, एकशे एकोणीस. कंबरेइतकी. काही छातीइतकी. सगळी निरोगी.

क्लोव्हिस : ते मीही मोजलं. पुढे?

रोझेर : पुढे... एक चाळीस. मी बोललो.

क्लोव्हिस : काय?

रोझेर : मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी मी इथल्या मालकिणीला सांगितलं होतं की इथे रासबेरीशिवाय काही येणार नाही. ती माझी चूक होती. खुणा क्लोव्हिस सिरनं केल्या होत्या. त्याला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

जानीन : असं म्हणालास? सगळ्यांसमोर?

रोझेर : एकतीस जण होते. मास्तर धरून.

क्लोव्हिस : थट्टा करतोयस.

रोझेर : वहीत थट्टा लिहीत नाही मी. हे बघ. पेन्सिल आहे, पण वाचता येतं.

क्लोव्हिस : ...हे तू जूनमध्ये लिहिलंस.

रोझेर : बारा जून.

क्लोव्हिस : सहा महिने झाले. मला का नाही सांगितलंस?

रोझेर : आलो होतो. खालची ओळ वाच.

क्लोव्हिस : दोन चाळीस. क्लो.च्या गाडीपाशी. दोन मिनिटं.

रोझेर : टोपी तोंडावर ओढून झोपला होतास.

क्लोव्हिस : झोपलो नव्हतो मी.

रोझेर : माहीत आहे.

जानीन : आणि काच वाजवली नाहीस? एक बोट लावायचं होतं काचेला. अरे देवा, कुणाशी लग्न केलं मी.

रोझेर : म्हटलं, उठेल.

जानीन : हा म्हणतो उठेल, तो म्हणतो जाईल. आणि मी इथे दर रविवारी दोन भांड्यांत सूप काढतेय, एक भांडं गाडीत घालून त्याच्या घरी पोचवतेय, कारण दोन म्हातारे एका टेबलावर बसत नाहीत. क्लोव्हिस, तू रडतोयस का?

क्लोव्हिस : बाहेर थंडी आहे. डोळ्यांना पाणी येतं.

जानीन : आत येऊन अर्धा तास झाला तुला.

क्लोव्हिस : रोझेर.

रोझेर : हं.

क्लोव्हिस : पाच लिही.

जानीन : अरे, पण लायसन?

क्लोव्हिस : पाचच लिही. नेमका जो तास मी ऐकायला हवा होता तोच चुकवला. तो मागून घेऊन काय करू? लायसन जातंय तर जाऊ दे.

रोझेर : कशाला जाऊ दे? एक तास आज भरता येतो.

क्लोव्हिस : आज? बर्फात?

रोझेर : कंप्युटरवर. संघटनेचे धडे असतात. एकेका तासाचे. शेवटी दहा प्रश्न. सात बरोबर आले की कागद तिथेच निघतो.

क्लोव्हिस : त्या बाईनं मला सांगितलं नाही.

रोझेर : विचारलंस का?

क्लोव्हिस : नाही. मी तिच्यावर ओरडत होतो.

जानीन : सरक इकडे. मी लावून देते. हा घे चष्मा, माझाच आहे, खिशात होता. रोझेर, तू लिहायला घे. आणि दोघांनी आधी सूप प्या.

(तासाभरानंतर. तेच टेबल.)

क्लोव्हिस : हा प्रश्नच चुकीचा आहे.

जानीन : उत्तर दे नि गप बस.

क्लोव्हिस : अगं, विचारतात की तो हिरवा भुंगा ॲशच्या झाडात शिरला हे आधी कशावरून कळतं. उत्तर दिलंय, सालीला पडलेली भोकं. सालीला भोकं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी सुतार पक्षी येतो, शेंड्याकडची साल सोलतो. मी स्वतः बघितलंय.

रोझेर : बरोबर आहे त्याचं.

जानीन : ते मला नका सांगू. कंप्युटरला जे आवडतं ते दाबा.

क्लोव्हिस : मी खोटं दाबणार नाही.

जानीन : आता तूपण सुरू झालास?

रोझेर : दाबू नकोस. एक चुकला तरी चालतो.

क्लोव्हिस : बघ. चूक म्हणतोय. मूर्ख आहे हा डबा. आता काय? दहापैकी नऊ. अभिनंदन म्हणतोय. जानीन, अभिनंदन म्हणतोय.

जानीन : दिसतंय मला. छापायला दिला. ऐक, वरच्या खोलीत मशीन घरघरतंय.

रोझेर : आणि हे माझं. पाच तास. प्लॉट सात. सही केली. दुसरा परिच्छेद मी माझ्या मनानं घातलाय.

क्लोव्हिस : कसला? ...एकशे एकोणीस रोपं. झाडांची निवड सदर फॉरेस्टरची. हे मंडळाला कशाला हवंय?

रोझेर : नको असेल त्यांना. लिहिलंय.

जानीन : द्या इकडे, फोटो काढते. सहा, पाच नि एक. संघटनेच्या बाईला हा गेला. ती प्रमाणपत्र देईल ते, नि बाकीचे कागद, मंडळाला उद्या सकाळी मी स्वतः पाठवते, तुझ्यावर नाही सोडत. आलं बघ तिचं उत्तर. चालेल म्हणतेय. आणि लिहिलंय, मिस्टर सिर अजून रागावलेत का.

क्लोव्हिस : सांग तिला, नाही. सांग, माफ कर म्हणाले. हुश्श. पत्र आल्यापासून दहा दिवस झोप नव्हती मला. आता इथेच खुर्चीत लागेल बहुतेक.

जानीन : झोप, पण जेवून झोप. प्लोयची धिरडी टाकतेय तव्यावर. नुसतं सूप पिऊन कुणी जाणार नाही. लोणी आहे, गूळपाक संपलाय.

क्लोव्हिस : माझ्या कोटाच्या खिशात एक बाटली आहे.

जानीन : कसली? हा रासबेरीचा मुरंबा. म्हणजे यंदाही आणलासच, टोमणा मारायला. दर नाताळात चर्चच्या पायरीवर माझ्या हातात देतोस, त्याला सांग म्हणतोस, रानातलं पीक आलंय.

क्लोव्हिस : सही दिली नसती तर टेबलावर आपटणार होतो.

जानीन : आणि तुला वाटतं हा फेकून देतो? सकाळी लपून खातो. चमच्यानं. अकरा वर्षांत एक बाटली वाया गेलेली नाही.

रोझेर : चांगला असतो.

क्लोव्हिस : त्याच रानातल्या रासबेरी असतात रे. मुद्दाम तिथे जाऊन तोडतो.

रोझेर : माहीत आहे. पण ही अर्धीच भरलीय.

क्लोव्हिस : दिवसभर फिरलो तरी तेवढ्याच मिळाल्या. रोपं वर गेली, खाली ऊन पोचत नाही. आणखी दोन वर्षांनी तिथे रासबेरी दिसणार नाही.

जानीन : मग पुढच्या नाताळात काय आणशील?

क्लोव्हिस : काही नाही. नुसता येईन. पुढच्या दारानं.