चकचकीत बोर्ड

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घड्याळाचे सेल घ्यायला रांगेत उभा असलेला घड्याळजी पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकता ऐकता आपली घाई विसरला.

"सर्किट छापायचा, दुकानातला शेवटचा तांब्याचा बोर्ड आहे हा, बाबा. उद्या दहाला गिऱ्हाइकाला यंत्र चालवून दाखवलं नाही, तर ऑर्डर गेली."

"मग? तीन बोर्ड घासून दिले की मी!"

"घासून नाही, पॉलिश करून दिलेत. प्रिंटरची शाई त्यावर ठरत नाही, थेंब होऊन घरंगळते."

"तीस वर्षं पितळ चमकवलंय. माझ्या हातून मंद माल निघायचा नाही."

"मंदच हवाय. खरखरीत कागदानं घासायचा, साबणानं धुवायचा, वर बोट लावायचं नाही. बस्स."

"आणि बघणारे काय म्हणतील?"

"बघणार कोण? शाईखालच्या रेघा सोडल्या तर सगळं तांबं आम्लात विरघळतं. उरलेलं डब्यात बंद."

"डबा कसला?"

"पत्र्याचा."

"घासलाय कुणी?"

"अजून नाही."

"मग बोर्ड तू घास, मी बोट लावत नाही. डबा मात्र माझा. उद्या गिऱ्हाईक त्यात बघून आधी भांग पाडेल, मग ऑर्डर देईल."