ऊन पाण्याची धार

मायबाप श्रोतेहो, जरा सावरून बसा. आज एकच विचारायचं आहे. मनापासून केलं, आणि तरीही बिघडलं — तर दोष द्यायचा कुणाला?

घाटमाथ्यावरचं एक गाव. पौषातला सोमवार. गारठा असा, की खोबरेल तेलाच्या बाटलीत काडी घालून तेल उकरावं! तिथल्या महादेवावर सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत धार धरायची रीत. पिंडीवर तांब्याचं पात्र टांगलेलं, त्याच्या बुडाशी भोक, भोकात दर्भाच्या काड्या. ज्या घराची पाळी, त्यानं पहाटे पात्र काठोकाठ भरायचं. एकदाच! मधे थेंब घालायचा नाही. धार तुटली, की त्या घराची पाळी गेली.

त्या दिवशी पाळी द्वारकेची. तीस वर्षं तिच्या सासूबाईंनी ही सेवा सांभाळली. आता गुडघे गेले, म्हणून कळशी सुनेच्या हाती आली. "जप गं बाई," त्या म्हणाल्या, "माझं म्हणून एवढंच उरलंय." द्वारकेनं उपास धरला, पहाटे पात्र भरलं. आणि दिवेलागणीला दोन तास असताना — टप्... टप्... बंद!

"हात चोरलास गं!" पार्वताकाकू कडाडल्या. गावातल्या बायकांच्या पाळ्या त्याच लावायच्या. "सासू घरी बसलीय, बघायला कोण येतंय, असंच ना?"

"काठोकाठ भरलं हो काकू."

"मग काय देव प्यायला?"

आता मंडळी, घरी जाऊन कुठल्या तोंडानं सांगायचं?

भिवा गुरव कोपऱ्यात वाती वळत होता. त्यानं मान वर केली. "पोरी, पाणी गारच ओतलंस ना?"

द्वारका पदराचं टोक पिळू लागली. "नाही मामा. चुलीवर तापवलं. अंघोळीला काढतो तसं. एवढ्या थंडीत देवाच्या डोक्यावर गार पाणी... मला बघवेना."

"हात्तिच्या! अगं, ऊन पाणी पळतं! चैत्रात पाणी तापतं, म्हणून तर मी दर्भाची एक काडी जास्त खोवून भोक आवळतो!"

"काहीतरीच!" काकू म्हणाल्या. "पाणी ते पाणी!"

"बघूच की. घ्या माळ, करा जप." गुरवानं रिकाम्या पात्रात एक तांब्या गार पाणी ओतलं. ते गळून जायला काकूंच्या चार माळा झाल्या. मग देवळामागच्या चुलीवर तापवून तेवढंच ऊन पाणी ओतलं. माळा जास्त भराव्यात म्हणून काकू लागल्या भराभर मणी ओढायला! गुरव म्हणाला, "काकू, देव कुठं गावाला निघालाय? एका चालीत म्हणा." काकू ओशाळल्या. तिसरी माळ निम्मी झाली, आणि पात्र कोरडं!

का बरं? पाण्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकमेकांना ओढून धरतात. गारठ्यात ती पकड जाणवते, पाणी रेंगाळतं. ऊब लागली की कण नाचू लागतात, पकड निसटते, पाणी धावतं. काकवीच्या कणांची पकड भारी, म्हणून ती बरणीतून लवकर निघत नाही. कापराची पकड इतकी सैल, की उघडा ठेवला तर न वितळताच उडून जातो! आणि पाण्यानं स्वतःला धरलंच नसतं तर? वाफ होऊन गेलं असतं सगळं. ना आड, ना नदी, ना पहाटेचा तांब्याभर घोट. रोज पितो आपण. कधी हात जोडले?

द्वारकेनं विचारलं, "काकू, पाळी गेली का हो?"

काकू उठल्या. तिचा हात धरून तडक तिच्या घरी गेल्या. सासूबाई दारातच वाटेकडे डोळे लावून बसलेल्या. काकू म्हणाल्या, "धार तुटली गं. तुझ्या सुनेनं देवाला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. तीस वर्षं आपण गार ओततोय, तुला-मला सुचलं होतं का?"

सासूबाईंनी सुनेचे गारठलेले हात ओढून स्वतःच्या गालांना लावले. "पुढच्या सोमवारी?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"तिचीच पाळी! फक्त पाणी गार घे म्हणावं."

तर माझ्या आयाबायांनो, उद्या घरात कुणाच्या हातून काही बिघडेल. "हात चोरलास" म्हणण्याआधी एकदा जवळ बसून विचाराल ना — बाळा, पाणी ऊन होतं का?

बोला, हर हर महादेव!