दोघींतली कुठली

दुसरं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, दातांच्या दवाखान्यात इर्मा कोल नंबर लागायची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी बोलत होत्या. इर्मा विणकाम मांडीवर ठेवून ऐकू लागली.

“आई, निबंधासाठी एक मासिक आणि एक कादंबरी ताडून बघायचीय. मासिक म्हणतं, लढाई संपली आणि बायका हसतमुखानं घरी परतल्या.”

“हसतमुखानं? आम्हाला विमानांच्या कारखान्यातून काढून टाकलं, मार्सिया.”

“कादंबरीतली बाई खिडकीशी बसून रडतच राहते.”

“रडले मीही. पण स्वयंपाकाची वेळ होईपर्यंतच. पुढच्या आठवड्यात शाळेची बस चालवायला लागले.”

“बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, हे बायकांचं काम नाही. मग त्यांनाच बसवून नेलं, भर बर्फातून.”

“आणि?”

“दुसऱ्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांना माझं कौतुक सांगत सुटले.”

“मग मासिकातली की कादंबरीतली, या दोघींतली तू कुठली?”

“त्यांच्यातल्या एकीला तरी बस चालवता येते का गं?”

“हे लिहू निबंधात?”

“लिही की. चोरी आहे का?”

आतून नर्सनं हाक मारली, “मिसेस वॉल्टर प्रुइट?”

“वॉल्टर कामावर गेलाय,” ती बाई उठत म्हणाली. “मी ओपल.”