दगडाच्या काळजाची आई

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या अंतराला मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. एक वयस्कर प्राध्यापक होते आणि एक खाडीकडची बाई.

“मी साहिलची आई. त्याच्या गोष्टीवर पेपरात तुमीच लिवलंत ना, सर?”

“हो. ताकदीची कथा आहे.”

“पोरगी दवाखान्यात मरते नि आई मिठागरावर कामाला जाते. अशी दगडाच्या काळजाची आई खरीच असनार, असं लिवलंत.”

“म्हणजे पात्र जिवंत उतरलंय.”

“माजी लेक मनस्वी माज्या मांडीवर गेली. साहिल तवा मुंबयला व्हता.”

“हे मला ठाऊक नव्हतं. पण बाई, कथेतली आई तुम्ही नाही.”

“गोष्ट गावात कुनी वाचली नाय, सर. पेपर समद्यांनी वाचला. नळावर माज्याशी कुनी बोलत नाय.”

“मी खुलासा लिहितो. पेपर छापेल.”

“मंग लोक साहिलला खोटारडा म्हनतील?”

“म्हणतील बहुधा.”

“पन गोष्ट चांगली हाय ना?”

“चांगली आहे.”

“मंग नका लिवू.”

“गाडी लागली. चला, तुम्हाला जागा धरतो.”

“तुमी जावा, सर. मी दुसऱ्या गाडीनं येते. हिच्यात गावातली मान्सं हायत.”