पेसरट्टू कोनं केला

माहं माहेर समुद्रपूरकडचं, आईबाप मजुरीवाले, आम्ही बौद्ध. लगन होऊन नालवाडीत आली, नवरा ऑटो चालवते, अन् मी सावंगीले एका हॉटेलात भांड्यावर लागली. पाटीवर साऊथ इंडियन लिवलेलं, पन मालक आपल्याच इकडचा, त्याले सारे शेठ म्हनत. त्याले इडलीतलं काई समजत नव्हतं. सारं पाहे ते सरस्वती अम्मा, आंध्राची, गुंटूरकडची. तिचं मराठी तोडकंमोडकं, मले तेलुगू तं येतच नव्हतं, पन हात धरून धरून शिकवलं तिनं मले. हिरव्या मुगाचा डोसा, त्याले पेसरट्टू म्हनते, त्याच्यावर कांदा, मिरची, अद्रक. अन् अंबाडीची चटनी, तिले ते गोंगूरा म्हने. मी म्हनलं अम्मा, हे तं आमच्या वावरातली अंबाडी, तुमच्याकडे जाऊन नाव बदलून आली काय? लय हासली ते.

मंग अम्मा लेकीकडे निघून गेली अन् तवा माह्या हाती आला. काय सांगू तुमाले, मेडिकल कॉलेजात शिकनारे आंध्रातले पोट्टे-पोट्ट्या मायबापाले घेऊन जेवाले येत, सुट्टीच्या दिवशी बसाले जागा नाई. शेठनं एसी हॉल काढला. माही जात त्याले पयल्या दिवसापासून माहीत होती, चांगली माहीत होती. मी आतमधी होती, गिऱ्हाइकाले दिसत नव्हती, तोवर चालत होतं.

एक दिवस एका पोरीची आई, गुंटूरचीच बाई, जेवता जेवता रडाले लागली. हिंदीत म्हने, असा पेसरट्टू माह्या आईच्या हातचा खाल्लता, कोनं केला, मले भेटवा. मी आतून आयकून राह्यली होती. हात पुसले, पदर नीट केला, बाहेर आली. अन् शेठनं काय केलं? गल्ल्यावर बसलेल्या आपल्या साळ्याले पुढं केलं, म्हने हे आमचे महाराज, सारा सैपाक हेच करते. मी तिथंच उभी. बाईनं माह्याकडे पाह्यलं, इचारलं, अन् हे कोन? शेठ म्हनते, ते भांडेवाली हाय, हिचा हात अन्नाले लागू देत नाई आम्ही.

लागू देत नाई! त्या बाईच्या ताटात काय होतं मंग?

मी आत गेली, गॅस बंद केला, अन् हॉलच्या मधातून, समोरच्या दारानं निघाली. भरल्या दुपारी, सारे टेबल भरून. शेठ मागं धावला, काऊन चालली वं, आर्डर अडून हायेत. मी म्हनलं, महाराजाले सांगा.

मंग माहं सोताचं डोशाचं दुकान टाकलं ते त्याच्या हॉटेलासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. नवरा म्हने दुसरी जागा पाहू. मी म्हनलं नाई, त्याले दिसली पाह्यजे. पाटीवर माहं नाव आडनावासकट लिवलं. पोट्टे हळूहळू रस्ता ओलांडून आले. तिकडे साळ्याचा डोसा तव्याले चिकटे, इकडे मी कढीपत्त्याची फोडनी मुद्दाम अशी देवो का वास त्याच्या गल्ल्यापर्यंत गेला पाह्यजे.

मंग एक दिवस शेठ आला. वापस चाल म्हने, पार्टनर करतो. मी म्हनलं बस, पयले खाऊन घे. पयल्यांदा त्याले अरेतुरे केलं. पेसरट्टू वाढला. आजूबाजूले लोकं जेवत होते. मी म्हनलं, शेठ, आता मोठ्यानं इचार, हा कोनं केला. तो चटनीत बोट फिरवत बसला. मी म्हनलं, इचार नाई तं उठ. इचारलं त्यानं, ताटाकडे पाहून.

मी म्हनलं, भांडेवालीनं. अन् तिले टाइम नाई तुह्याकडे याले.

लोकायले वाटलं आता हिचं मन निवलं असन. काई निवलं नाई. त्याच्या हॉलले कुलूप लागलं त्या दिवशी मी साऱ्या गिऱ्हाइकायले गोड पोंगल, गुळातला मूग-तांदळाचा भात, वाटला. अम्मा फोनवर म्हनते इसरून जा, नवरा म्हनते सोड आता. काऊन सोडू?

आता शेठले शुगर झाली, दवाखान्यात जाता-येता माह्या दुकानापुढून तोंड फिरवून जाते. माहं त्याच्यासाठी वाईट मागनं नाई बाप्पा. शंभर वर्षं जगू दे त्याले, डोळे शाबूत राहू दे, अन् रोज याच रस्त्यानं जाऊ दे, माह्याकडची गर्दी पाहात.