नऊच्या खाली दहा

नाही गं, प्रोग्रॅममध्ये एकच बरोबरचं चिन्ह म्हणजे प्रश्न नव्हे, तो कॉम्प्युटरला हुकूम — उजवीकडचं उचल नि डावीकडे ठेव. हे दोन सारखे आहेत का, असं विचारायचं असेल तर दोन चिन्हं काढायची, शेजारीशेजारी. आणि मोठं, लहान, मोठं किंवा सारखं, लहान किंवा सारखं, सारखं नाही — झाली सहा. एवढी शिकून आलीस तरी वहीत उतरवतेस? उतरव बाई, उद्यापासून मी नाही, हे सगळं तुझ्या गळ्यात. मला आता कंटाळा आलाय, खरं सांगते. एकोणतीस वर्षं एकाच इस्पितळाच्या एकाच खोलीत, खिडकीतून दिसतं काय तर लाँड्रीची भिंत.

ती ओळ? ती रांगेची. बाहेर तातडीच्या विभागात पेशंट आला की नर्स त्याला आकडा देते — जितका मोठा आकडा, तितका आजार गंभीर — आणि ही ओळ दोघादोघांची तुलना करून मोठ्या आकड्याला वर चढवते, आतले डॉक्टर वरून बोलावत जातात. सोपं आहे. हो, बदललीय मध्यंतरी. नोंदीत काय लिहिलंय, वाच की. 'किरकोळ दुरुस्ती.' मीच लिहिलंय ते.

अगं, पूर्वी आकडे एक ते पाच होते. मग डॉक्टरांची बैठक झाली, पाच कमी पडतात, दहा करा — मी केले, अर्ध्या तासात. पण आकडा फॉर्मातून येतो तो अक्षर म्हणून येतो, आणि अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी होते — आधी पहिलं अक्षर बघायचं, त्यातच निकाल लागला तर पुढचं बघायचंच नाही. पाचापर्यंत काय बिघडणार, सगळे एकेकच अक्षराचे. दहाला दोन. पहिला एक, त्यापुढचं शून्य कोण बघतंय — म्हणजे दहा गेला दोनाच्याही खाली. सगळ्यात गंभीर माणूस, आणि पडसं झालेला दोनवाला त्याच्या वर. आकडा आधी संख्या करून घ्यायचा, मग तुलना — एवढंच राहिलं होतं माझ्याकडून. अकरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दहावाले बहुतेक अँब्युलन्समधून मागच्या दाराने थेट आत जातात, रांगेत येतच नाहीत.

एक आला. कसं कळलं म्हणजे — मी तिथेच बसले होते ना. आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं, नर्सने नऊ दिला. शेजारी एक मुलगा म्हातार्‍या वडिलांना घेऊन, स्कूटरवर बसवून आणलेलं, बापाची एक चप्पल वाटेत कुठे पडली होती. म्हातारा काही बोलत नव्हता, नुसता घाम. मुलाने मला विचारलं, तुमचा कितवा? म्हटलं, नऊ. म्हणाला, आमचा दहा. आणि मी — आता हे वहीत नको लिहूस — मी म्हटलं, मग आमच्यानंतर तुमचाच, नऊ झाले की दहा. तो उठला होता गं, नर्सच्या टेबलाशी जाऊन भांडायला. मीच त्याला हाताला धरून बसवलं. म्हटलं, आरडाओरडा करून काही होत नाही, इथली रांग अगदी चोख आहे, मला माहीत आहे. मला माहीत आहे, असं म्हटलं मी. दहा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ह्यांचा चेहरा बघत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि ह्यांना बोलावलं तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे वाचले. म्हातारा तासा-दीड तासाने गेला, त्याच बाकावर. घरी येऊन चहा टाकला आणि उतू गेला तरी हलता येईना, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पहाटे येऊन ही ओळ दुरुस्त केली. सात वर्षं झाली. ह्यांनाही सांगितलं नाही — काय सांगायचं, तुमच्या आधी तो होता म्हणून?

नाही, चौकशी कसली. कागदावर लिहिलं, उशिरा आणलं. मुलाने खाली सही केली. मी पाहिली ती फाइल, इथूनच सगळं दिसतं. त्याला वाटतं, आपण स्कूटर काढायला वेळ लावला, अँब्युलन्स बोलवायला हवी होती — बाकावर तो हेच बडबडत होता, माझंच चुकलं, माझंच चुकलं.

त्याचा फोन नंबर आहे ना फाइलमध्ये. दोनदा लावला. तो 'हॅलो' म्हणाला की मी ठेवून देते.

फोन कशाला सरकवतेस इकडे? आज शेवटचा दिवस आहे बाई, सुखाने जाऊ दे मला. ... अशी बघू नकोस. ... बरं. ती फाइल उघड, वरून तिसरी. आकडे वाच सावकाश. ... हं. वाजतोय. तू जा आता बाहेर, आणि दार ओढून घे.